निवाड्याचे आसन

आमच्या घरातला एक प्रश्न बरीच वर्षे तसाच पडून आहे. अम्मी आजारी होती तेव्हा मिशनच्या दवाखान्यातली एक सिस्टर तिचे सारे करायची. गळ्यात क्रूस घातलेली ही बाई रात्र रात्र अम्मीच्या उशाशी बसून असायची. अम्मी गेल्यावर घरातल्या लहानग्याने विचारले, "सिस्टर जन्नतमध्ये जाईल ना?" मोठ्यांपैकी एकाने तिथल्या तिथे सांगून टाकले, "नाही." आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून टोचते.

हा निवाडा द्यायचा अधिकार माणसाला कोणी दिला?

ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचताना मात्र श्रद्धावंतांना असा अधिकार दिलेला दिसतो. इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की पवित्र जन जगाचा न्याय करतील, देवदूतांचाही करतील. मत्तयाच्या शुभवर्तमानात हजरत ईसांच्या बारा शिष्यांना बारा आसने आणि इस्राएलच्या बारा वंशांचा न्याय देऊ केला आहे. कयामतचा निवाडा फक्त अल्लाहच्या हाती, असे लहानपणापासून शिकलेल्या आपल्याला हे वाचून नवल वाटते.

पण पौलाने हे कोणाला आणि कशासाठी सुनावले, तेही पाहिले पाहिजे. करिंथ हे ग्रीसमधले व्यापारी शहर. तिथले ख्रिस्ती बांधव आपापसातले तंटे शहरातल्या न्यायालयात नेत होते. पौल त्यांना लाजवतो आहे. जगाचा न्याय ज्यांच्याकडे यायचा, त्यांना घरातले किरकोळ भांडण मिटवता येऊ नये? त्यापेक्षा नुकसान सोसलेले बरे, असे तो म्हणतो. त्याच पत्रात थोडे आधी तो बजावतो की नेमलेली वेळ येण्यापूर्वी कोणाचा न्याय करू नका. मंडळीतल्या गैरवर्तनावर तो कडक बोलतो, पण बाहेरच्यांचा निवाडा देवाकडे सोपवतो. म्हणजे आसन कबूल केले आहे, पण ते आजचे नाही. आज पदरात पडते ती फक्त जबाबदारी.

मत्तयाच्याच शुभवर्तमानात जब्दीच्या मुलांची आई येते आणि माझ्या मुलांना तुमच्या उजव्या-डाव्या हाताला बसवा, असे मागते. ते देणे माझ्याकडे नाही, असे तिला उत्तर मिळते. पुढे अखेरच्या न्यायाचे वर्णन आहे. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, याची. आणि उजवीकडचे असोत की डावीकडचे, निकाल ऐकून सारेच चकित होतात. आपला निकाल त्यांच्यापैकी कोणालाच आधी ठाऊक नव्हता.

इतिहासात श्रद्धावंतांना तेवढा धीर निघाला नाही. पोर्तुगीजांच्या गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या घरात जुन्या रीतीभाती उरल्या आहेत का, याचीही तिथे चौकशी होई. उद्याचे आसन आजच ओढून घेतले की असे होते.

पण बोट दाखवण्याआधी आपले घर पाहू. 657 मध्ये सिफ्फीनची लढाई झाली. त्यानंतर खारिजींनी हजरत अलींनाच इमानाबाहेर काढले, आणि 661 मध्ये कूफ्यात त्यांच्यातल्याच एकाने त्यांचा जीव घेतला. मारणाऱ्याला आपण अल्लाहचाच निवाडा अंमलात आणतो आहोत, असे वाटत होते. आज मोहल्ल्यात एखाद्याला सहज काफर ठरवणारी जीभ त्याच वाटेने जाते.

चुकीला चूक म्हणायलाच हवे. चोराला कोर्टात उभे करायलाच हवे. पण माणसाच्या कृत्याचा न्याय वेगळा आणि त्याच्या आत्म्याचा अखेरचा निकाल वेगळा.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये या उम्मतला लोकांवरचे साक्षीदार म्हटले आहे, आणि पैगंबरांना उम्मतवरचे साक्षीदार. साक्षीदार न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही. तो समोर उभा राहतो, पाहिले तेवढेच सांगतो, आणि त्याचीही उलटतपासणी होते. सूरह माइदामध्ये कयामतच्या दिवशी खुद्द हजरत ईसांना त्यांच्या लोकांविषयी विचारले जाते. ते त्यांची शिक्षा आणि माफी दोन्ही अल्लाहवर सोपवतात. हदीसमध्ये येते की ही आयत पैगंबर एका रात्री नमाजमध्ये पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. जिथे पैगंबर रात्रभर थबकतात, तिथे आपण एका शब्दात निकाल देऊन मोकळे होतो.

तो लहानगा आता मोठा झाला आहे. त्याने पुन्हा विचारले तर आम्ही एवढेच सांगू, की निवाडा आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे ती साक्ष. अम्मीच्या उशाशी ती रात्रभर जागली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या दिवशी विचारले गेले तर ते सांगायला आम्ही उभे राहू.