प्राणवायूचा दाह

ज्या प्राणवायूवाचून आपण जगत नाही, तोच आपल्या पेशींना पोळतो. श्वसनात उपजणाऱ्या उग्र सुपरऑक्साइडला आवरणाऱ्या विकराचे कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली उलगडले. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड उरते. कॅटलेज हे दुसरे विकर त्याचे पाणी व प्राणवायू करते.

मग हा दाह समूळ का नष्ट करू नये? अपायकारक ते सारे निपटून काढावे, ही वृत्ती आम्हांस शहाणपणाची वाटत नाही. आपल्या श्वेतपेशी याच अस्त्राने जंतू मारतात. ते ज्या बालकांत जन्मतःच नसते, ती वारंवार गंभीर जंतुसंसर्गाने गांजतात.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना संरक्षणार्थ बीटा-कॅरोटीन (गाजरातले तेच केशरी द्रव्य!) दिले गेले. हेतू निर्मळ होता. १९९४ साली निष्कर्ष आला: त्यांच्यातच फुफ्फुसाचा कर्करोग अधिक.