तरवड आणि शुद्धतेचा प्रश्न

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसल्यावर देशावरच्या अनेक घरांत घटावर दररोज माळ चढते आणि तीत कारळ्या-झेंडूच्या बरोबरीने तरवडाचीही पिवळी फुले ओवलेली असतात. तरवड हे भारत-श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातले मूळचे झुडूप असून मुरमाड माळावर, बांधावर आणि रस्त्याकडेला ते कोणी न लावता वाढते. तेलंगणात बतुकम्माच्या सणात फुलांची उतरंड रचताना त्याच्या फुलांना मानाचे स्थान असते. याच झुडपाची साल मात्र पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावण्याच्या कुंडांत पडत आली. ज्याचे फूल देवघरात आणि साल कातडी कमावणाऱ्यांच्या ढोरवाड्यात जाते, त्या झुडपाला शुद्ध म्हणावे की अशुद्ध, हा प्रश्न सोवळ्या-ओवळ्याच्या सबंध कल्पनेलाच हात घालणारा आहे.

कातडे कमावणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. ओले कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात, मग ते शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगून तिच्यात सालीचा काढा भरतात आणि तो हळूहळू कातड्यात मुरू देतात. सालीतले टॅनिन, म्हणजे तुरट चवीचे द्रव्य, कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधते आणि मग ते कातडे सडत नाही. सडण्याला अटकाव करणे हेच या कामाचे सार असून, शुद्धी या शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर याहून शुद्धिकारक व्यवसाय शोधून काढणे कठीण आहे. तरीही ज्यांनी सडणाऱ्या कातड्याची दुर्गंधी अंगावर घेऊन ती नाहीशी केली, त्यांनाच गावाबाहेर ठेवले गेले.

या वर्तनाला वस्तूच्या गुणधर्माचा आधार होता असे म्हणता येत नाही, कारण धर्मशास्त्रानेच तो काढून घेतला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे निरनिराळ्या वस्तू शुद्ध करण्याचे, नियम येतात आणि तेथे चामड्याची शुद्धी वस्त्रासारखीच करावी असे सांगितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनात अजिन, म्हणजे मृगाचे कातडे, येते. कीर्तनातला मृदंग आणि गोंधळ्याचे संबळ चामड्यावाचून बोलत नाहीत, आणि विहिरीवरची मोट चामड्याची असतानाही तिचे पाणी पिऊन वाढलेले धान्य नैवेद्याला चालत असे. थोडक्यात, चामडे धुऊन शुद्ध होत होते, पण ते कमावणाऱ्या माणसाला शुद्ध करील असे पाणी या व्यवस्थेपाशी नव्हते. हा दोष केवळ आचारातला नाही, तो तिच्या तत्त्वविचारातलाच आहे.

बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, या प्रश्नाला सरळ भिडण्याचे धैर्य दाखवले. बसवेश्वरांच्या त्या परिवारात कातडी कमावणारे कक्कय्या शरण म्हणून मान पावले, आणि महाराष्ट्रातला ढोर समाज आजही त्यांचे नाव अभिमानाने लावतो. कायक, म्हणजे स्वतःच्या श्रमाने केलेले प्रामाणिक काम, हीच पूजा मानल्यावर साल कुटणारा हात आणि फूल वाहणारा हात यांत उच्चनीच उरत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर देव संतुष्ट होतो असे म्हटले आहे आणि तेथे अट आहे ती भक्तीची. फूल कोणी खुडले याची चौकशी तेथे नाही.

अंगणात तरवड लावणाऱ्याने हा सगळा इतिहास मातीसकट घरात घ्यावा. बियांचे कवच कठीण असल्याने त्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, किंवा खरखरीत दगडावर किंचित घासून, मृगाच्या पावसात पेराव्यात. जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी, कारण हे झुडूप पाण्याच्या ओढीने नव्हे, तर मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. तुळशीप्रमाणे रोज पाणी घालण्याची माया येथे घातक ठरते. एकदा मूळ धरल्यावर पुरुषभर उंचीचे हे झुडूप उन्हाळाही सहज काढते, आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नसल्याने कुंपणाच्या कडेलाही ते टिकते. त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही परागकोशांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हाच पराग मोकळा होतो. म्हणून माळेसाठी फुले खुडताना सगळी फांदी ओरबाडू नये, निम्मी फुले तरी भुंग्यांसाठी आणि शेंगांसाठी झाडावरच ठेवावीत. त्या चपट्या, तपकिरी शेंगा वाळल्या की त्यांतले बी शेजारच्या अंगणालाही द्यावे, मग ते अंगण कोणत्याही आळीतले असो.