गोळीने उपवास मोडत नाही

॥ श्री गुरुदेव ॥



चातुर्मास जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. "फिटची गोळी चालू आहे, एकादशीला निर्जळ करायचंय. एक दिवस नाही घेतली तर चालेल ना?"

नाही चालणार. कारण समजून घ्या, म्हणजे मनात किंतू राहणार नाही.

मेंदूत सुमारे 86 अब्ज पेशी आहेत. त्या विजेच्या बारीक संकेतांनी एकमेकींशी बोलतात. भजनात टाळ, मृदंग, वीणा आपापल्या जागी वाजावेत तशा. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदमच उसळतात, म्हणून हातपाय आखडतात, शुद्ध हरपते. माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा टिपली ती 1924 साली, जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी. गंमत बघा, तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून ते थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीला काहीतरी वाईट घडल्याचं जाणवलं आणि तिने वडिलांना तार करायला लावली. मन मनाशी कसं बोलतं, हे शोधायला बर्गर निघाले. ते काही हाती लागलं नाही, हाती लागला तो ईईजीचा आलेख. तोही पाच वर्षं स्वतः पुन्हा पुन्हा तपासून मग 1929 मध्ये छापला. हा धीर मला फार मोलाचा वाटतो.

आता गोळी. ती रक्तात रोज ठरावीक प्रमाणात असली तरच त्या पेशींना आवर घालते. चुकली की प्रमाण उतरतं. अचानक बंद केली तर कधी फिट थांबतच नाही, आणि त्यात जीवही जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांचा हा त्रास थांबू शकतो. मग अंगारा मिळाला म्हणून गोळी सोडायची? अंगारा कपाळाला लावा, गोळी पोटात घ्या. ही बाहेरची बाधा नाही, मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच नाही.

लेकी-सुनांचं वेगळं सांगावं लागतं. लग्न ठरताना आजार लपवतात, मग सासरी सगळ्यांदेखत गोळी घ्यायची कशी, म्हणून पोरगी गोळीच सोडते. आणि फिट गॅसपाशी उभी असताना आली तर? अहो, 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अटच काढून टाकली आहे. कायद्याने सोडलं, आपण धरून बसलोय! सासूबाईंनीच रात्री विचारावं, "गोळी घेतलीस का गं?" ती गुरुसेवाच. आणि मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा, काही गोळ्या बदलाव्या लागतात.

समोर कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल नाकाशी धरू नका. तोंडात चमचा नको, पाणीही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर तडक दवाखाना.

राहिलं जागरण. झोप मोडली की फिटचा संभव वाढतो. म्हणून हा त्रास असलेल्यांनी सप्ताहात रात्रीचा पहारा घेऊ नये, वीणा दुपारी घ्यावी. पहाऱ्याची यादी करणाऱ्यांनी त्यांना आधी वेळ निवडू द्यावी, कारण विचारू नये.

जय गुरुदेव 🙏