वाईचा घाट, महाडचं तळं

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली मंडळी वाईत थांबलीच तर अर्धा तास थांबतात. ढोल्या गणपतीला नमस्कार, घाटाच्या पायऱ्यांवर दोन-चार फोटो, चहा, की गाडी पसरणीच्या घाटाला लागते. त्या अर्ध्या तासात हात जोडणारा आणि मोबाइल काढणारा (बहुतेक वेळा हे एकच गृहस्थ असतात) एक गोष्ट गृहीत धरून चालतो: इथे, या जागेतच, काहीतरी आहे. भाविक त्याला पावित्र्य म्हणतो, प्रवासी वातावरण म्हणतो. प्रश्न दोघांचा एकच. एखादं लहानसं गाव मुद्दाम जाऊन पाहावं असं होतं ते नेमकं कशामुळे? जागेच्या अंगच्या गुणामुळे की पाहणाऱ्याच्या मनामुळे? आपल्याकडे या दोन्ही बाजू शतकानुशतकं हिरिरीने मांडल्या गेल्या आहेत आणि माझ्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली बाजू क्षेत्रमाहात्म्यांची. अमुक ऋषींनी इथे तप केलं, अमुक देव इथे प्रकटला, म्हणून इथल्या मातीत आणि पाण्यात पुण्य आहे. वाईला विराटनगरी म्हणतात, दक्षिण काशी म्हणतात. पण दक्षिण काशी पैठणही आहे आणि कोल्हापूरही. पुण्य जर त्या त्या मातीचंच असतं, तर प्रत्येक गावाला काशीचं नाव उसनं घ्यायची गरज का पडावी? हे नाव माती देत नाही. ते माणसं देतात, आणि आपल्या गावाचा मान वाढावा म्हणून देतात. दुसरी बाजू संतांची म्हणून सांगितली जाते. देव सगळीकडे आहे, मन शुद्ध नसेल तर तीर्थात बुडी मारून काय होणार? हा सवाल बिनतोड आहे. तरीही तो विचारणाऱ्यांनीच पंढरीची वारी सोडली नाही. याला विसंगती म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण मग संतांना आपलंच म्हणणं कळलं नव्हतं असं मानावं लागेल. त्यापेक्षा असं का मानू नये की त्यांचा विरोध पाण्याने पाप धुतलं जातं या समजुतीला होता, जाण्याला नव्हता? एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा पैठणमध्ये आजही सांगतात. त्या कथेत तीर्थाची थट्टा नाही. तीर्थाचं पाणी कोणाच्या उपयोगी पडलं, हा तिचा मुद्दा आहे.

तिसरं उत्तर मला शेतीच्या व्यवहारात सापडतं. शेताच्या बांधावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या जात-येत राहिले की तिथे वाट पडते. आणि पुढे कोणी अडवलीच, तर ‘वहिवाट आहे’ असं सांगता येतं. ती वाट आधीपासून जमिनीत नव्हती, आणि चालणाऱ्याच्या मनाचा खेळही नव्हती. गावाचं पावित्र्य मला असंच वाटतं: वहिवाटीने आलेलं. वाईत कृष्णेला सात घाट आहेत आणि ते आळ्यांच्या नावांनी ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, तो एका घाटावरून दुसऱ्या घाटावर, आळीआळीच्या पाळीने. मांडव, कीर्तन, प्रसादाचं जेवण असा सगळा भार त्या त्या आळीने उचलायचा. अफझलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा, म्हणजे १६५९ साली, शेंडेशास्त्र्यांनी शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णेला नवस केला, तिथून हा उत्सव सुरू झाला असं सांगतात. ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल ते बाजूला ठेवू. नवस एकदाच फेडून गाव मोकळं झालं असतं. झालं नाही, आणि दरवर्षी पाळी येत राहिली. नदीला मातेची जागा मिळते ती या पाळ्यांतून.

वाईपासून जवळच मेणवली आहे. तिथे नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहायला लोक जातात. ‘स्वदेस’ सिनेमा आल्यापासून जास्तच. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळाशी एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयातून ती घाटावर आली असं मानतात. तिच्या अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. ज्यांनी ती ओतवली त्यांना शंकराचं नावही ठाऊक नसेल, आणि ज्यांनी ती शंकरापुढे टांगली त्यांनी मेरीची आकृती तासून काढली नाही. ही सलोख्याची कथा आहे असं मी म्हणणार नाही; लुटीची घंटा ती लुटीचीच. पण पावित्र्य धातूत असतं तर एकाच धातूत दोन धर्मांचं पावित्र्य मावलं नसतं, आणि ते निव्वळ मनात असतं तर घंटा एवढ्या लांब वाहून आणण्याचे कष्ट कोणी घेतलेच नसते.

यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल की हे तर देवाला गावाबाहेर काढणं झालं. सगळं माणसांनीच केलं तर नमस्कार कोणाला करायचा? त्याला गणपती आळीच्या घाटावरच्या त्या प्रसिद्ध देवळाला मागच्या बाजूने एक चक्कर मारायला सांगावं. पेशव्यांचे सोयरे असलेल्या रास्ते घराण्यातल्या गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ साली बांधलं. आतली मूर्ती अखंड दगडाची, इतकी प्रचंड की ‘ढोल्या’ हे लाडकं नाव तिला आपोआप चिकटलं. दर्शन घेणारा समोरून येतो आणि समोरूनच परततो. मागची भिंत मात्र सरळ नाही. माशाच्या आकाराची, टोकदार होत गेलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून. कृष्णा माता आहे यावर बांधणाऱ्यांचा विश्वास नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही. पण माता आहे म्हणून ती देवळात शिरायची नाही, असं त्यांनी धरलं नाही. नदीचा स्वभाव पाहिला, दगड त्या हिशेबाने घडवले आणि मग आत गणपती बसवला. देव आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर माझ्या म्हणण्यातून निघत नाही आणि निघायला नकोही. देव सर्वत्र असेल तर तो वाईत आहे आणि वाशीतही आहे. वाईलाच का जायचं, एवढ्याच प्रश्नाला ती भिंत उत्तर देते.

याहून मोठा आक्षेप दुसरीकडून येतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. वहिवाट वाट पाडते तशी अडवतेही. सात घाटांपैकी एकाचं नावच ब्राह्मणशाही आहे. लहान गावांच्या ज्या घट्ट विणीचं आपण कौतुक करतो, त्या विणीत कोणाला कुठल्या पायरीवर उभं राहू द्यायचं हेही विणलेलं होतं. रायगड जिल्ह्यातलं महाड हेही असंच लहान, बाजारपेठेचं गाव. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, फक्त अस्पृश्य मानलेली माणसं पिऊ शकत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सभेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, प्रकरण कोर्टात गेलं. तिथे विरोधकांचा आधार कोणता होता? वहिवाट. अस्पृश्यांनी इथलं पाणी घ्यायचं नाही ही अनादी काळाची रूढी आहे, असा त्यांचा दावा होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही.

या महाडमुळे माझा मुद्दा कोसळतो असं वाटू शकेल. मला उलट वाटतं. चवदार तळ्याला कुठलंही माहात्म्य नव्हतं. तिथे ना ऋषींनी तप केलं, ना नदीचा उगम, ना संगम. गावच्या पिण्याच्या पाण्याचं ते एक तळं होतं. आज २० मार्चला तिथे माणसं ज्या भावनेने येतात ती तीर्थाला जाणाऱ्याची भावना नाही असं म्हणणं मला जमणार नाही. आणि ती भावना एका दिवसाच्या कृतीतून निघाली आणि वर्षानुवर्षांच्या येण्याने टिकली. पावित्र्य माणसं घडवतात याचा याहून उघड पुरावा वाईतही मिळायचा नाही. फक्त त्याला एक पुरवणी जोडावी लागते: वहिवाट कोणाची, हा प्रश्न सतत विचारला गेला पाहिजे. वाईतही तो विचारला गेला, तोही बाहेरच्यांकडून नव्हे. नारायणशास्त्री मराठ्यांच्या (पुढचे केवलानंद सरस्वती) प्राज्ञपाठशाळेत विनोबा संस्कृत शिकून गेले. तिथेच तयार झालेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ लढवला आणि १९३३ साली देवदास गांधी व राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न लावलं. धर्मकोशाचं कामही याच गावातलं, आणि १९७६ पासून ज्याचे खंड निघू लागले त्या मराठी विश्वकोशाचंही. धर्मशास्त्र जिथे मुरलेलं होतं तिथूनच ते बदलण्याचं बळ आलं, ही गोष्ट घाटावरच्या कुठल्याही देवळाइतकी पाहण्यासारखी आहे. पण तिचा फोटो निघत नाही.

हे सगळं शहरात होत नाही का? होतं. सिद्धिविनायकालाही राबता आहे, हाजीअलीलाही. फरक श्रद्धेचा नाही, मापाचा आहे. शहरात आपण रांग लावतो, पेटीत पैसे टाकतो, आणि ती जागा कोण झाडतं हे आपल्याला कधी कळत नाही. वाईत हळदीच्या पेढीवर बसणारा माणूस संध्याकाळी प्रसादाच्या पंगतीत वाढायला उभा असू शकतो, आणि तो आला नाही तर आळीला कळतं. हे कळणं गुदमरवणारंही असतं. लहान गावं सोडून जाणाऱ्या मुली-मुलांना विचारा; त्यांची तक्रार खरी आहे आणि पाहुण्याला ती अर्ध्या तासात दिसत नाही. पण जागेला जागेपण देणारं काम कोण, कधी, कशासाठी करतं हे जर पाहायचं असेल, तर ते या मापाच्या गावातच डोळ्यांच्या टप्प्यात येतं.

उरतो प्रश्न तो आजचा. घरोघर नळ आले, धुणं घाटावरून मोरीत गेलं, वर धोमला धरण झालं आणि नदीला कधी किती पाणी असावं ते दरवाजे ठरवू लागले. घाटाची रोजची गरज संपत चालली. वहिवाट मोडली की वाटेवर गवत उगवतं. घाटाचंही तेच होणार असेल तर त्याला माहात्म्याची पोथी वाचवणार नाही आणि पर्यटनाचा फलकही नाही. नदीकाठच्या कुठल्याही गावासारखाच वाईपुढेही सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न आहे, आणि पुष्कळ भाविकांना तो नगरपालिकेचा, म्हणजे धर्माबाहेरचा वाटतो. रास्त्यांना पुराचा प्रश्न धर्माबाहेरचा वाटला नव्हता. कृष्णाबाईच्या उत्सवासाठी आळी वर्गणी काढते, तशीच ती गटाराची वाट नदीपासून वळवण्यासाठी काढू लागली, तर त्या वर्गणीला पूजेच्या खर्चात का धरू नये, याचं एकही कारण मला दिसत नाही.