शांत दिसणारे पाणी



संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन जुन्या गोव्यात दहा वर्षांतून एकदा होते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते झाले, तेव्हा डिसेंबरच्या मध्यास आपल्या धर्मग्रामातूनही एक बस गेली होती. जे आले होते त्यांना से कॅथेड्रलमधली रांग आठवत असेल आणि दुसऱ्या दिवशीची समुद्रावरची संध्याकाळही. जे आले नव्हते त्यांनी ती हकिगत इतरांकडून ऐकली आहे. फिरत फिरत ती आमच्या कानावर आली तेव्हा तिच्यात आमची बाजू फारच चांगली रंगवलेली होती. म्हणून हे लिहिणे आले.

घडले ते असे. निघण्यापूर्वी पालकांच्या सभेत एका आईने विचारले होते, "फादर, समुद्रात पोरांना उतरू देणार काय?" आम्ही म्हणालो, "डिसेंबरचा समुद्र शांत असतो, काळजी करू नका." हे आम्ही कोठे वाचले होते की कोणी सांगितले होते, आज आठवत नाही. किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या जागेत गर्दी होती, म्हणून आम्ही मुलांना घेऊन बरेच पुढे गेलो. तेथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढरा फेस येत होता, आणि मधोमध पंधरा-वीस पावलांचा एक पट्टा अगदी शांत होता. आम्हीच बोट दाखवून म्हणालो, "तिकडे उतरा, तिथे लाटा नाहीत."

दहावीतला एक मुलगा सर्वांत पुढे होता. दोन मिनिटांत तो कमरेइतक्या पाण्यातून गळ्याइतक्या पाण्यात गेला. तो पोहत नव्हता. पाणीच त्याला नेत होते. शिटी वाजली, जीवरक्षक धावत आला, फळी घेऊन आत गेला, आणि थोड्या वेळाने मुलाला घेऊन बाजूने, लाटांमधून बाहेर आला. मुलाने पाणी प्याले होते, बाकी सुखरूप होता. देवाचे आभार. जीवरक्षकाने आमच्या झग्याकडे पाहून आवाज खाली आणला आणि एवढेच विचारले, "फादर, किसी से पूछा था?"

अकोटला परत आल्यावर मुलाची आई म्हणाली, "तुम्ही होते म्हणून पोरगं वाचलं." आम्ही काही बोललो नाही. ते न बोलणेही आमच्या हिशेबात धरावे.

त्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते, म्हणून आम्ही नंतर विचारत सुटलो. सेमिनरीत आम्ही 'उद्या समुद्रावर लढाई होईल' हे विधान आज खरे की खोटे, या ॲरिस्टॉटलच्या प्रश्नावर कित्येक तास घालवले होते. पण उद्या समुद्र कसा असेल हे ओळखायचे कसे, ते आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आपण खारपाण पट्ट्याच्या कडेची माणसे. मीठ आपल्याला ठाऊक आहे, समुद्र नाही.

वसईकडच्या आमच्या एका धर्मगुरू मित्राने पहिला धडा दिला. लाट फुटते ती खालचे पाणी उथळ झाले म्हणून. जेथे ती फुटत नाही तेथे तळ खोल असतो. किनाऱ्यावर चढलेले सगळे पाणी परत जायला वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे बहुधा तोच खोल पट्टा. म्हणजे आम्ही बोट दाखवलेली जागा शांत नव्हती, ती ओढीची होती. तिच्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, आडवे पोहून बाजूला यावे. जीवरक्षक मुलाला बाजूने का घेऊन आला हे आम्हाला तेव्हा कळले.

दुसरा धडा तिथीचा. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. दक्षिणेला ही वेळ थोडी सरकते, पण हिशेब तोच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तिला उधाण असते. आमच्या त्या दिवशी पौर्णिमा होऊन दोन-तीनच दिवस झाले होते आणि वेळ चारची होती. पाणी जोरात ओसरत होते. देवळातल्या दिनदर्शिकेवर पौर्णिमेचा गोल आम्ही रोज पाहतो. तो समुद्राशीही काही बोलतो हे कधी मनात आले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची वाटली. किनाऱ्यावर वारा पडलेला, आकाश निरभ्र, तरीही मोठ्या लाटा येऊ शकतात. दक्षिणेच्या महासागरात वादळ होते, तेथून लांब लाटा निघतात आणि पाच-सहा हजार किलोमीटरचा प्रवास करून चार-पाच दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. अशा दोन लाटांमध्ये पंधरा-अठरा सेकंदांचे अंतर असते, म्हणून भोळा माणूस मधल्या शांततेला फसतो. केरळातील कोळी अशा समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. शुभवर्तमानात चोर रात्री येतो, हा दिवसाढवळ्या येतो. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची एक संस्था, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, या लाटांचा अंदाज आधीच देते. मे २०२४ मध्ये तिने असा इशारा दिलेला होता. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी बुडाले. आपल्याकडे मुरुड येथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेही पावसाळा नसताना. 'शांत महिना' या आमच्या शब्दांची किंमत यावरून कळावी.

या शास्त्राच्या जन्माची हकिगतही सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य नावांतून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरणार होते. लाटा फार उंच असतील तर नावा उलटणार. तेव्हा वॉल्टर मुंक हा पंचविशीतला तरुण आणि त्याचे गुरू हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांनी येणाऱ्या लाटांचा अंदाज बांधण्याची रीत तयार केली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते सैन्य उतरले, आणि पुढे जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या वेळीही हीच विद्या कामी आली. नाव हाकणाऱ्यांना 'आज लाट केवढी?' असे विचारले जाई. ते जो आकडा सांगत तो सर्व लाटांच्या सरासरीचा नसे. सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांच्या सरासरीजवळ तो जाई. माणसाची नजर मोठ्या लाटांवरच राहते. शास्त्रज्ञांनी नावाड्यांना चूक ठरवले नाही, मापच तसे ठरवले. आजही समुद्राच्या अंदाजात जी उंची देतात ती हीच. म्हणजे दोन मीटर सांगितले, तर एखादी लाट जवळजवळ चार मीटरचीही येऊ शकते. आकडा खरा असतो. तो ऐकायचा कसा हे ठाऊक नसले तर खरा आकडाही बुडवतो.

आता मूळ प्रश्न. पालकांना आम्ही जे सांगितले ते खोटे बोलणे होते काय? संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर एक स्वतंत्र लहान ग्रंथ लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, मनात एक ठेवून तोंडाने दुसरे सांगतो तो खोटारडा; जे खरे मानतो तेच सांगतो, तो चुकला तरी खोटारडा नव्हे. या मापाने आम्ही सुटलो. सभेत बोललो ते मनापासून बोललो होतो.

पण मनापासून बोलणे पुरे आहे काय? सतत प्रामाणिकपणे चुकणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो, आणि त्याच्या भरवशावर आपण मुले सोडत नाही. संत थॉमस अक्विनास विवेकाचे भाग सांगताना पुढचे पाहणे सांगतात, सभोवारचे पाहणे सांगतात, आणि त्यांच्याबरोबर शिकून घेण्याची तयारीही सांगतात. विवेकाच्या बाबतीत कोणीच स्वतःला पुरेसा नसतो, असे त्यांचे मत. ज्याला दूर करता येत होते ते अज्ञान माणसाला पूर्ण निर्दोष ठरवत नाही, हेही तेच शिकवतात. जीवरक्षक शंभर पावलांवर उभा होता. त्याला विचारायला अर्धे मिनिट लागले असते. आमचा दोष समुद्र न कळण्याचा नाही, ते विचारायचे अर्धे मिनिट वाचवण्याचा आहे. आणि मुलगा वाचला म्हणून तो दोष लहान झाला असे आम्हाला वाटत नाही. मुलगा वाचवला जीवरक्षकाने; बोट दाखवले आम्ही. तो न वाचता तरी आमचे बोट तेच असते.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय घरी सावकाश वाचून पाहा. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत आहेत. पुढचा प्रवास धोक्याचा आहे असे तो सांगतो. शताधिपती त्याच्यापेक्षा तांडेलावर आणि जहाजाच्या मालकावर अधिक विश्वास ठेवतो, आणि खरे सांगायचे तर आपणही तेच केले असते. तांडेल हा त्या कामातला जाणकार. मग दक्षिणेचा मंद वारा सुटतो. झाले, आपले काम साधले, असे सर्वांना वाटते आणि नांगर उचलला जातो. थोड्याच वेळात तुफान येते. जहाज फुटते, पण त्यावरचे २७६ लोक मेलिता बेटावर जिवंत पोहोचतात. त्या मंद वाऱ्यात कोणी खोटे बोलले नव्हते. हवे तेच दिसले, आणि दिसले म्हणून पुढचे विचारणे थांबले.

तुम्ही म्हणाल, फादर, हे सगळे समुद्राचे. आम्हाला त्याचे काय? पण हाच प्रश्न तुम्ही आम्हाला दर जूनमध्ये मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर विचारता. "काय वाटते तुम्हाले, टाकू काय पेरणी?" सातपुड्यावर ढग दिसतात, पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडत असतो, शेजाऱ्याने तिफण धरलेली असते. बियाण्याच्या पिशव्या उधारीवर आणलेल्या असतात. पेरले आणि पाऊस दडला, तर दुबार पेरणी. थांबलो आणि पाऊस टिकला, तर हंगाम मागे. आपल्यातले बरेच जण अक्षय तृतीयेनंतर भेंडवळची घटमांडणी काय म्हणते तेही विचारून ठेवतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही रागावत नाही. ज्याचे वर्ष पावसावर टांगलेले आहे तो सगळीकडे कान लावणारच. हवामान खात्यानेही २००९ साली एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता. पडला ७८ टक्के. खाते आपल्या आकड्यापुढे 'अधिक-उणे' किती ते लिहिते. ते ओठावर कोणी घेत नाही. गावात येईपर्यंत 'अधिक-उणे' गळून पडते आणि उरते फक्त 'यंदा पाऊस चांगला'.

गेल्या वर्षांत तुमच्यापैकी किती जणांना आम्ही पायरीवर "टाका, देव पाहून घेईल" असे म्हणालो असू! त्यात धीर देण्याचा हेतू होता. पण ते वाक्य आमच्या अज्ञानावर देवाची सही घेण्यासारखे होते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभूला कोण म्हणाले ते आपल्याला माहीत आहे. पश्चिमेला ढग पाहून पाऊस ओळखणाऱ्या लोकांना प्रभू येशूने दोष दिला तो ढग ओळखले म्हणून नव्हे. ती विद्या त्यांना चांगली येते हे त्याने धरूनच चालले. तेव्हा पेरणीचा प्रश्न आम्हाला न विचारता अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जाणकारांना विचारावा. ते साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर जाईपर्यंत थांबा असे सांगतात. तुमची जमीन काळी की मुरमाड हे आम्हाला माहीत नाही, तुम्हाला आहे.

उलट बाजूचाही एक दोष आहे, आणि गोव्याहून आल्यावर काही महिने आम्ही तो केला. तरुण मंडळाने नरनाळ्याला जायचे म्हटले, आम्ही नाही म्हणालो. शहानूरच्या धरणावर जायचे म्हटले, नाही म्हणालो. कारण विचारले तर "उगीच धोका नको". हेही न विचारता दिलेले उत्तरच होते, फक्त या वेळी ते आम्हाला सोयीचे होते. 'नाही' म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. पण मुले घरात मोठी होत नाहीत, आणि भिऊन नांगर न उचलणारा पौलही रोमला पोहोचला नसता.

येत्या नाताळच्या सुटीत तरुण मंडळाला वसईला जायचे आहे. यादी लागली आहे, पैसे जमत आहेत. मागच्या रविवारी त्याच मुलाची आई पायरीवर भेटली. तो आता बारावीला आहे आणि यादीत त्याचे नाव पहिले आहे. तिने विचारले, "फादर, समुद्र शांत राहीन ना?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही, बाई. तिथी पाहून ठेवली आहे. बाकी त्या दिवशी सकाळी तिथल्या कोळ्यांना विचारू, आणि ते नाही म्हणाले तर वाळूत बसून चिवडा खाऊ."

ती थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली, आणि मग पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले.