जळू

आमच्या म्हशी दुपारी पंचगंगेत डुंबायला जायच्या. कसबा बावड्यात राजाराम बंधाऱ्याच्या बाजूला नदीकाठी साठलेलं पाणी असायचं, त्यात म्हशी सोडायच्या, धारेला जाऊ द्यायच्या नाहीत, हा तात्यांचा शिरस्ता. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. म्हशी वर आल्या की एखादीच्या सडाजवळ, नाहीतर ओठाला काळपट जळू लोंबत असायची. आम्ही पोरं मीठ आणायला घराकडं पळायचो. तात्या मागनं ओरडायचे, "मीठ नगं रं! मीठ टाकलं की ती वकती, मग जखम चिघळती." आणि डाव्या हाताचं नख जळूच्या निमुळत्या तोंडाखाली हळूच सरकवून ती सोडवायचे. सुटलेली जळू परत पाण्यात. "मारा की तिला," आम्ही म्हणायचो. तात्या म्हणायचे, "तिला बी प्वाट हाय."

डावा हात, कारण उजव्या हाताची तीन बोटं गुऱ्हाळावर गेली होती. ऊस लावताना हात चरकात ओढला गेला. तेव्हा ते विशीत होते. पुढं लग्न झालं नाही. नांगर, खुरपं हातात धरवेना. म्हशी राखायच्या, पहाटे सायकलीला किटल्या अडकवून शहरात रतीब घालायचा, आणि दोन वेळा आमच्यात जेवायचं. एवढाच त्यांचा संसार.

मी पुण्याला शिकायला गेलो. पाच वर्षं दर महिन्याला मनीऑर्डर यायची. ती कुठल्या पैशातनं येते हे मी कधी विचारलं नाही. नोकरी लागली, शहरात घर घ्यायचं डोक्यात आलं, आणि दिवाळीला गावी आल्यावर मी वडिलांपुढं वाटणीचा विषय काढला. वडील म्हणाले, निम्मं तात्याचं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "जन्मभर जळूसारखं चिकटून बसलेल्या माणसाला निम्मं कशाला?"

तात्या सोप्यात बसले होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. बोलली ती आजी. "जळू प्वाट भरलं की सुटती रं बाळा. तू पाच वर्सं कुणाच्या दुधावर डकला हुतास? आन् अजून सुटला न्हाईस."

त्या एका वाक्यानं मला जळूकडं नीट बघायला लावलं.

हा शब्दच मोठा विचित्र आहे. संस्कृतात ती जलौका. पाणी हेच जिचं घर, असा सुश्रुतानं तिच्या नावाचा अर्थ सांगितलाय. पण मराठीत 'जळू' म्हटलं की विस्तवही आठवतो. चूल जळू लागते. 'माझ्यावर जळू नकोस' म्हटलं की तो मत्सर होतो. सावकार जळू, फुकटखाऊ पाव्हणा जळू. त्या दिवशी मी तात्यांना दिलेल्या शब्दात पाणी कुठंच नव्हतं. निम्मी जमीन जाणार म्हणून जळत होतो मीच, आणि जळू ठरवलं त्यांना.

आणि ही बया नुसती रक्तपिपासू आहे का? सुश्रुतसंहितेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. बारा जाती सांगितल्यात, सहा विषारी, सहा बिनविषारी. बिनविषारी जळवा रोग्याला लावायच्या. धन्वंतरीच्या मूर्तीतही पुष्कळ ठिकाणी हातात जळू दाखवतात. इंग्रजीत तर 'लीच' हा शब्द जुन्या काळी वैद्यालाही वापरत. मधे ही विद्या मागासलेली ठरली. पण अमेरिकेच्या औषध खात्यानं २००४ साली जळवांना उपचाराचं साधन म्हणून मान्यता दिली. तुटलेलं बोट डॉक्टर पुन्हा जोडतात तेव्हा रक्त बोटात येतं, पण बारीक शिरा जुळलेल्या नसल्या तर परत जात नाही. बोट साकळून काळंनिळं पडतं. तिथं जळू लावतात. ती साकळलेलं रक्त ओढून घेते आणि नव्या शिरा तयार होईपर्यंत बोट जगवते. हे वाचलं तेव्हा मला गुऱ्हाळावरची ती तीन बोटं आठवली.

जळूची एक गोष्ट मात्र भिण्यासारखी आहे. ती डसते तेव्हा सहसा कळत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती सुटून गेल्यावरही जखम वाहत राहते. माणूस माणसाचं घेतो तेही असंच. देणाऱ्याला दुखत नाही, किंवा दुखलं तरी तो बोलत नाही, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण आपल्या कर्तृत्वावर मोठे झालो.

दुसऱ्याच्या जिवावर जगणं वाईट, असं आपण पटकन म्हणतो. पण तसा न जगलेला माणूस मला अजून भेटायचाय. आईच्या दुधापासून सुरुवात होते ती खांदेकऱ्यांपर्यंत. मग पाप कशात आहे? मला वाटतं, घेण्यात नाही. पोट भरल्यावरही न सुटण्यात आहे. आणि ज्याचं घेतलं त्यालाच जळू म्हणण्यात तर नक्कीच आहे. जळूला हिशेब येत नाही, तिला माफ आहे. मला येत होता. पाच वर्षांच्या मनीऑर्डरींची बेरीज मी कधीही करू शकलो असतो. केली नाही.

वाटणीचा विषय त्या दिवशी थांबला. पण शब्द थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून तात्या आमच्या पंगतीला बसेनात. "म्हसरांची वैरण बघायची हाय," म्हणून ताट गोठ्यात न्यायचे. आई दोन भाकरी वाढायची, ते एक परत पाठवायचे. वडिलांनी सांगून बघितलं, आजीनं रागावून बघितलं. तात्या नुसते हसायचे.

मी पुढच्या खेपेला गोठ्यात जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. तोंडातनं निघालं ते, "दूध किती निघतंय आता?" त्यांनी सांगितलं. मग आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. तेव्हाही मीच घेतलं.