गव्हाणीपाशी कोणाला जागा?

नई सडकेवरील आमच्या घरी नातीसाठी मी नाताळचा गोठा करावयास बसलो. कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या. मेंढपाळाला धनगरी घोंगडी, मरीयेला नऊवारी, एका ज्ञानी पुरुषाला आफ्रिकी वर्ण. दुसऱ्या धर्मातील पवित्र प्रसंगाला आपले वेष चढवावेत काय, अशी शंका मनात आली. तथापि १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो गावी हा प्रसंग मांडला, तेव्हा जिवंत बैल व गाढव उभे केले होते. शुभवर्तमानांतील जन्मकथेत या दोहोंचा उल्लेखही नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय चित्रांतही एक ज्ञानी पुरुष कृष्णवर्णी दिसतो. ज्याने त्याने ही कथा आपल्या अंगणात आणली आहे.

एवढ्यात नातीने विचारले, "आजोबा, आपल्याकडे झाडायला येतात त्या मावशी यात कुठे आहेत?"

मी निरुत्तर झालो. त्यांचा चहाचा कप आमच्या घरी वेगळा ठेवलेला होता. लूकच्या कथेत उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. दूरदेशीच्या माणसांना मी बाहुल्यांत सहज सामावून घेतले. रोज दारी येणाऱ्या बाईंचे मला स्मरणही झाले नाही.

मावशींची बाहुली वाळावयास दोन दिवस लागले. वेगळा कप मात्र त्याच सायंकाळी काढून टाकला.